अंदमान ते ग्वांतानामो : तुरुंग बंद करणं एवढं अवघड का असतं?

समजा उद्या नोटीस बोर्डावर कागद लागला की, "हॉस्टेलचा सी ब्लॉक महिन्याभरात बंद करण्यात येत आहे." पहिला प्रश्न काय येईल? इमारत पाडणार का, असं कोणी विचारणार नाही. सगळे एकच विचारतील, "आतल्या पोरांना ठेवणार कुठं?" ए ब्लॉकवाले म्हणतील आमच्याकडे आधीच तिघे-तिघे आहेत. बी ब्लॉकवाले म्हणतील, ती पोरं आमच्याकडे नकोत. गाववाले घरमालक भाडं दुप्पट करतील. आणि तेवढ्यात फर्स्ट इयरची नवी अ‍ॅडमिशन सुरू झाली, तर रिकाम्या झालेल्या खोल्या पुन्हा भरायचा मोह रेक्टरसाहेबांनाही होईल.

हाच हिशोब एका बदनाम तुरुंगाला लावून बघा. अमेरिकेचा ग्वांतानामो बे इथला लष्करी तुरुंग बंद करू, अशी घोषणा २००९ साली झाली. २०२५ उजाडलं तरी तो बंद झालेला नव्हता. आपल्यापैकी बरेच जण म्हणतात, "अमेरिकेच्या मनात नाही, म्हणून होत नाही." ते काही अंशी खरं आहे. पण तेवढंच कारण नाही. आपल्याच इतिहासात असा एक तुरुंग आहे, जो बंद करायची घोषणा १९२१ साली झाली आणि प्रत्यक्षात गाशा गुंडाळला गेला १९४५ साली. तो म्हणजे अंदमान. या दोन्हींच्या वाटेत आलेले अडथळे इतके सारखे आहेत की, एक समजला की दुसरा आपोआप समजतो.

दूरची जागा कशासाठी?

१८५७ च्या उठावानंतर मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत सुरू केली. तिथलं प्रसिद्ध सेल्युलर जेल मात्र नंतरचं. त्याचं बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झालं. ड्रॉईंग शिकलेल्यांना त्याचा आराखडा एका नजरेत कळेल. मधोमध टेहळणीचा मनोरा आणि त्यापासून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या तीन मजली सात इमारती. कोठड्या जवळपास सातशे. प्रत्येक कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय सात फूट, आणि कोठडीत माणूस एकच. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून, म्हणजे समोरासमोर कोणी कोणाला दिसूच नये. हात वर करून बोललं तरी उत्तर द्यायला समोर माणूस नाही.

पण या तुरुंगाची खरी भिंत म्हणजे समुद्र. वकील नाही, वर्तमानपत्र नाही, भेटायला नातेवाईक नाहीत. इथे आपल्या खान्देशातलंच उदाहरण घेऊ. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार त्यांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तीच पुढे 'गीता प्रवचने' म्हणून घराघरात गेली. तोही इंग्रजांचाच तुरुंग. पण गावातला तुरुंग आणि समुद्रापलीकडचा तुरुंग यात फरक असतो. गावातल्या तुरुंगातली गोष्ट आज ना उद्या बाहेर येते. काळ्या पाण्यावरची गोष्ट यायला वर्षं लागतात.

ग्वांतानामोची निवड याच विचाराने झाली. क्युबाच्या किनाऱ्यावरचा हा तळ अमेरिकेने १९०३ पासून भाड्याने घेतलेला आहे. भाडं वर्षाला सुमारे चार हजार डॉलर, आणि क्युबाचं सरकार गेली कित्येक दशकं तो चेक वटवतच नाही. जमीन क्युबाची, ताबा अमेरिकेचा. म्हणून तिथे अमेरिकेच्या कोर्टाचा हात पोचणार नाही, असा सरकारचा हिशोब होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ११ जानेवारी २००२ ला पहिले कैदी तिथे आणले गेले. एकूण सुमारे ७८० माणसं तिथे ठेवली गेली. कोर्टाचा हात पोचतो, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आधी २००४ मध्ये आणि पक्कं म्हणजे जून २००८ मध्ये सांगितलं. तोवर सहा वर्षं निघून गेली होती.

एक फरक इथेच सांगून ठेवतो. अंदमानातल्या कैद्यांना निदान कोर्टाने शिक्षा दिलेली होती, मग ते कोर्ट कितीही एकतर्फी असो. ग्वांतानामोतल्या बहुतेकांवर आरोपपत्रच ठेवलं गेलं नाही. शिक्षा असेल तर तिला शेवटची तारीख असते. आरोपच नसेल तर सुटकेची तारीख कुठून मोजणार?

अडथळा पहिला : न्यायचं कुठं?

१९१९-२० मध्ये सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन जेल्स कमिटी नेमली गेली. कमिटीने अंदमान स्वतः पाहिलं आणि ही वसाहत थोडे अपवाद सोडून बंद करावी, अशा अर्थाची शिफारस केली. १९२१ मध्ये सरकारने ते धोरण जाहीरही केलं. त्यावेळी बेटांवर दहा हजारांहून जास्त कैदी होते.

आता हे दहा हजार न्यायचे कुठे? मुंबई, मद्रास, बंगाल, पंजाब या प्रांतांच्या तुरुंगांत. आणि नेमकी तीच वेळ असहकार चळवळीची. तुरुंग सत्याग्रहींनी भरलेले. त्याच वर्षी मलबारात मोपला उठाव झाला आणि हजारो माणसांना शिक्षा झाल्या. प्रांतांनी हात वर केले की आमच्याकडे जागा नाही. झालं उलटंच. जो तुरुंग रिकामा करायचा ठरला होता, तिथेच मोपला कैद्यांना धाडण्यात आलं.

अमेरिकेतही तेच. २२ जानेवारी २००९ ला, म्हणजे पदावर आल्याच्या तिसऱ्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी एका वर्षात ग्वांतानामो बंद करण्याच्या आदेशावर सही केली. तेव्हा आत सुमारे २४० कैदी होते. इलिनॉय राज्यातला थॉमसन नावाचा जवळजवळ रिकामा तुरुंग घ्यायचा आणि काहींना तिथे ठेवायचं, असा बेत पुढे आला. लगेच ओरड सुरू झाली, "दहशतवादी आमच्या गावाशेजारी नकोत." मे २००९ मध्ये सिनेटने तुरुंग बंद करण्यासाठीचा पैसा ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारला. यात ओबामांच्या स्वतःच्या पक्षाचेही बहुसंख्य सभासद होते. पुढे २०११ च्या सुरुवातीला कायदाच झाला की, ग्वांतानामोतल्या कैद्याला अमेरिकेच्या भूमीवर आणायला सरकारी पैसा वापरता येणार नाही. खटल्यासाठीसुद्धा नाही. ही अट नंतर दरवर्षी पुन्हा घातली गेली.

म्हणजे बघा, तुरुंग बंद करावा असं म्हणणारे पुष्कळ असतात. पण कैदी आमच्याकडे पाठवा असं म्हणणारा एकही नसतो.

अडथळा दुसरा : घर कुठं राहिलंय?

मग घरी सोडा की, असं कोणी म्हणेल. पण घर म्हणजे काय? अंदमानात काही वर्षं शिक्षा भोगून झाली की कैद्याला तुरुंगाबाहेर राहून शेती करायची, लग्न करायची परवानगी मिळे. अशांची गावंच वसली. त्यांची मुलं तिथेच जन्मली, तिथेच वाढली. मुलांनी भारताचा किनारा पाहिलेलाही नव्हता. बंद करा म्हटल्यावर यांना कुठल्या जिल्ह्यात नेऊन सोडणार? शिवाय जंगलतोड, बंदर, रस्ते ही सगळी कामं कैद्यांच्याच श्रमावर चालत. कैदी गेले तर वसाहतच बसते. म्हणून सरकारने मधला रस्ता काढला. स्वखुशीने येणाऱ्या कैद्यांना, कुटुंब आणण्याची सवलत देऊन, पाठवत राहायचं. अशा रीतीने बंद करायची वसाहत नव्या नावाने चालूच राहिली.

ग्वांतानामोत हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. चीनमधल्या उइगूर समाजाचे २२ जण तिथे होते. हे आपले शत्रू नाहीत, हे अमेरिकेनेच मान्य केलं. पण चीनला परत दिलं तर त्यांचे हाल होतील, म्हणून तिकडे पाठवता येईना. अमेरिकेत घ्यायला संसद तयार नाही. मग देशोदेशी विचारणा. २००६ मध्ये पाच जण अल्बानियाला गेले, २००९ मध्ये चार बर्म्युडाला आणि सहा पलाऊ नावाच्या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांच्या देशात. शेवटचे तिघे स्लोव्हाकियाला पोचेपर्यंत २०१३ संपत आलं होतं. निर्दोष ठरलेल्यांची ही अवस्था!

येमेनच्या कैद्यांचं आणखी निराळं. डिसेंबर २००९ मध्ये डेट्रॉइटकडे जाणारं विमान उडवून देण्याचा प्रयत्न झाला आणि त्याचे धागे येमेनपर्यंत गेले. लगेच येमेनला कैदी पाठवणं थांबवण्यात आलं. पुढे तिथे यादवी सुरू झाली, तेव्हा परत पाठवण्याचा विषयच संपला. जानेवारी २०२५ मध्ये ११ येमेनी कैद्यांना अखेर शेजारच्या ओमानने घेतलं. यांतले कित्येक सुटकेला योग्य म्हणून आधीच ठरलेले होते. ठरलं होतं, पण घेणारा देश नव्हता.

हे दुसऱ्यांचंच होतं असं समजू नका. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारताने आसाम, बंगाल वगैरे भागांतल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या रहिवाशांना राजस्थानात देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवलं. खटला कोणावरच नाही. युद्ध महिनाभरात संपलं, पण छावणीतले शेवटचे लोक बाहेर पडले १९६७ मध्ये. बाहेर आल्यावर अनेकांना कळलं की, आपली घरं-दुकानं लिलावात गेली आहेत.

अडथळा तिसरा : खटलाही नाही, सुटकाही नाही

२००९ मध्ये ओबामा सरकारने नेमलेल्या गटाने २४० कैद्यांची फाईल न् फाईल तपासली. त्यातले १२६ जण सोडायला हरकत नाही, ३६ जणांवर खटला चालवावा, ३० येमेनींना तिथली परिस्थिती सुधारल्यावर पाठवावं, असं ठरलं. राहिले ४८. यांच्याबद्दल निष्कर्ष असा की, सोडणं धोक्याचं आहे आणि खटलाही चालवता येत नाही. कोर्टात टिकेल असा पुरावाच नाही.

पुरावा का टिकत नाही? कारण तो मिळवला कसा, हे कोर्ट विचारतं. खालिद शेख मोहम्मदचं उदाहरण बघा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा मुख्य सूत्रधार म्हणून तो मार्च २००३ मध्ये पाकिस्तानात पकडला गेला. सीआयएच्या गुप्त तुरुंगात त्याला पाण्यात बुडाल्यासारखं वाटावं असा छळ १८३ वेळा करण्यात आला. २००६ मध्ये तो ग्वांतानामोत आला. २००८ मध्ये आरोप ठेवले, नंतर ते मागे घेतले. न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला चालवायचं ठरलं, तेही विरोधामुळे रद्द. २०१२ मध्ये लष्करी न्यायालयात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. २०२४ मध्ये गुन्हा कबूल करून जन्मठेप घेण्याचा करार झाला, तो दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी मागे घेतला आणि जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टानेही तो करार रद्द ठरवला. पकडल्याला बावीस वर्षं झाली आणि निकाल नाही. ज्यांची माणसं त्या हल्ल्यात गेली, त्यांनाही न्याय मिळाला नाही. छळाने माहिती लवकर मिळते असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब जरूर मांडून पाहावा.

अडथळा चौथा : नळ चालूच

पाण्याची टाकी रिकामी करायची तर खालचा कॉक उघडून भागत नाही, वरचा नळ आधी बंद करावा लागतो. अंदमानात वरचा नळ कधी बंदच झाला नाही. १९२१ नंतर राजकीय कैदी बहुतेक परत आणले गेले होते. पण १९३० मध्ये चितगावचा शस्त्रागार लुटला गेला, बंगालमध्ये क्रांतिकारकांच्या हालचाली वाढल्या आणि सरकारला रिकाम्या कोठड्या आठवल्या. १९३२ मध्ये, म्हणजे इकडे धुळ्यात विनोबांची प्रवचनं झाली त्याच वर्षी, सेल्युलर जेल राजकीय कैद्यांसाठी पुन्हा उघडलं. तीनशेहून जास्त क्रांतिकारक तिथे पोचले. मे १९३३ मध्ये त्यांनी वागणुकीविरुद्ध उपोषण केलं. नळीने जबरदस्तीने दूध घालताना आणि त्यानंतरच्या आजारात महावीर सिंह, मोहन किशोर नमदास आणि मोहित मोइत्र हे तिघे दगावले. ऐंशी वर्षांनी, २०१३ मध्ये, ग्वांतानामोत शंभरहून जास्त कैद्यांनी अन्न सोडलं आणि तिथेही नाकातून नळी घालून अन्न देण्यात आलं.

ग्वांतानामोचा नळही तसाच. जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तुरुंग चालू ठेवण्याचा आदेश काढला. २०२५ मध्ये ते पुन्हा सत्तेवर आले आणि त्याच तळावर परदेशी स्थलांतरितांना नेऊन ठेवायला सुरुवात झाली. त्यांचा ११ सप्टेंबरशी काही संबंध नाही. पण जागा तयार होती, कुंपण तयार होतं, पहारा तयार होता. रिकामी कोठडी सरकारला स्वस्थ बसू देत नाही.

खर्चाने तरी बंद पडेल?

आपल्याला वाटतं, परवडत नाही म्हटल्यावर कोणतीही गोष्ट बंद पडते. न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ मध्ये हिशोब दिला की, ४० कैद्यांवर वर्षाला ५४ कोटी डॉलर खर्च होतो. दर माणशी सव्वा कोटी डॉलरच्या वर. तरी काही फरक पडला नाही. कारण खर्च सगळ्या देशात वाटला जातो, तो कोणाच्या एकट्याच्या खिशाला लागत नाही. उलट सुटलेल्यांपैकी एकाने जरी उद्या काही केलं, तर सही करणाऱ्या माणसाचं नाव पेपरात येतं. कोणाला ठेवून घेतलं म्हणून कुणाचं राजकारण बुडत नाही, सोडलं म्हणून मात्र बुडू शकतं. खरा अडथळा हाच.

मग बंद होतो तरी कसा?

जुलै १९३७ मध्ये प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळं नुकतीच आली होती. आपल्या मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं. तोच मुहूर्त साधून अंदमानातल्या कैद्यांनी पुन्हा मोठं उपोषण सुरू केलं. मागणी होती, आम्हाला भारतात परत न्या. कलकत्त्यात रवींद्रनाथांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, गांधीजींनी तार केली. ऑगस्टअखेर उपोषण थांबलं आणि जानेवारी १९३८ पर्यंत राजकीय कैदी परत आले. मतं मागणारं सरकार असलं की समुद्रपार झालेल्या उपोषणाचाही आवाज ऐकू येतो, हा त्यातला धडा.

पण परत आणणं म्हणजे सुटका नव्हे, हेही लक्षात घ्या. त्यातले बरेच जण बंगालच्या तुरुंगांत जाऊन पडले. त्याआधी १९२१ मध्ये सावरकर बंधूंना अंदमानातून आणलं, तेव्हाही हेच झालं. बाबाराव १९२२ मध्ये सुटले. विनायकराव आधी रत्नागिरी, मग येरवडा असे तुरुंगातच राहिले. १९२४ मध्ये सुटले तेही रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. त्या अटी उठल्या १९३७ मध्ये.

साधे कैदी तर १९३८ नंतरही अंदमानातच होते. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी बेटं घेतली आणि त्यांनीही तोच तुरुंग वापरला, या खेपेला स्थानिक लोकांना हेर ठरवून डांबायला. डॉ. दिवान सिंग यांचा १९४४ मध्ये तिथेच छळात अंत झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्रज परत आले तेव्हा कुठे कैद्यांची वसाहत मोडीत निघाली आणि उरलेल्यांच्या शिक्षा माफ झाल्या. घोषणेपासून चोवीस वर्षं. सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. त्या ११ फेब्रुवारी १९७९ ला राष्ट्रीय स्मारक झाल्या, आणि पाडलेल्या भागाच्या जागेवर दवाखाना उभा आहे.

ग्वांतानामो मात्र एकेक माणसाने रिकामा होत आला. बुश यांच्या काळात पाचशेहून जास्त गेले, ओबामांनी २४० वरून ४१ वर आणले, बायडेन यांनी ४० वरून १५ वर. प्रत्येकामागे एक वेगळी वाटाघाट, एक वेगळा देश, एक वेगळी अट. आदेश एका सहीने निघाला, पण त्याची अंमलबजावणी घाऊक भावाने करता आली नाही.

आपल्याला याचं काय?

सरकार कोणतंही असो, छावणी, कोठडी किंवा विनाखटला स्थानबद्धता सुरू होताना 'तात्पुरती व्यवस्था' याच नावाने सुरू होते. आपल्या घटनेच्या कलम २२ मध्येही प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा आहे, तेव्हा हा विषय फक्त परदेशचा नाही. म्हणून अशी बातमी वाचताना चार प्रश्न विचारायची सवय लावू या. आत टाकलेल्या माणसाला बाहेर यायची तारीख कुठे लिहिली आहे? त्याला कोर्टापुढे कधी उभं करणार? बंद केल्यावर त्याला कुठं पाठवणार? आणि नवीन भरती कायद्याने थांबवली आहे का, की फक्त भाषणात?

हे प्रश्न तुरुंग उघडतानाच विचारले, तर उत्तरं द्यायला सरकारला काही दिवस लागतात. उघडल्यावर विचारले तर काय होतं, ते पोर्ट ब्लेअरला चोवीस वर्षं दिसलं. ग्वांतानामोत ज्यांची वर्षं गेली, त्यातले काही जण आत आले तेव्हा आपल्या सेकंड इयरच्या पोरांएवढे होते. ते बाहेर पडले तेव्हा चाळिशी ओलांडली होती.